जंगलाचा हिशेब कोणी मांडायचा?

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात येरमाळा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आज मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे, तो असा : धोक्यात आलेली जंगले, वन्यप्राणी आणि त्यांच्यासाठी आवाज उठविणारे शास्त्रज्ञ. मी स्वतः शास्त्रज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आणि पेशाने बँकेतला कारकून. परंतु कारकुनाला एक गोष्ट चांगली कळते, ती म्हणजे हिशेब. वहीतली शिल्लक आणि पेटीतली रोकड जुळल्याशिवाय आम्हाला संध्याकाळी घरी जाता येत नाही. जंगलाकडेही मी त्याच नजरेने पाहणार आहे. जंगलाची वही कोण लिहितो, ती कोण तपासतो, आणि तूट आली तर ती कोणाच्या अंगावर पडते, हे तीन प्रश्न घेऊन मी आपल्यासमोर उभा आहे.

उष्ण कटिबंधातील जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते, ब्राझील येते, बारा महिने पाऊस आणि हत्ती येतात. मित्रहो, इतक्या लांब जाण्याची गरज नाही. येरमाळ्याहून महामार्गाने दक्षिणेला निघालो की येडशी लागते. तिथला रामलिंग घाट आपण सर्वांनी पाहिला आहे. शाळेची सहल तिथे गेली नाही असा विद्यार्थी या सभागृहात क्वचितच असेल. तिथल्या माकडांनी अनेकांचे डबे पळविले असतील. ते जंगलही उष्ण कटिबंधातलेच आहे. शास्त्रज्ञ त्याला शुष्क पानझडी वन म्हणतात. उन्हाळ्यात पाने गाळून उभे राहायचे आणि पहिल्या पावसात पुन्हा हिरवे व्हायचे, हा त्याचा स्वभाव. १९९७ मध्ये या घाटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ किती, तर जेमतेम २२ चौरस किलोमीटर. आपल्या धाराशिव जिल्ह्याचे क्षेत्रफळ साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात जंगल शेकडा एक टक्कासुद्धा नाही. ज्याच्या खात्यावर लाखो रुपये आहेत, त्याचे शंभर रुपये गेले तर त्याला कळतही नाही. आपले खाते मात्र जवळजवळ रिकामे आहे, म्हणून आपल्याला एकेक रुपया मोजावा लागतो.

या एवढ्याशा जंगलात डिसेंबर २०२४ मध्ये एक नवल घडले. वनखात्याने लावलेल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. बालाघाटाच्या या भागात वाघ ही आजोबा-पणजोबांच्या गोष्टीतली बाब होती. वाघाच्या अंगावरचे पट्टे माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे असतात. एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. ते पट्टे ताडून पाहिल्यावर कळले की हा वाघ यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून आला आहे. म्हणजे शेते, रस्ते, नद्या, गावे ओलांडत शेकडो किलोमीटर चालत आला. टिपेश्वर सुमारे १४८ चौरस किलोमीटरचे. वाघ वाढले की जवान नराला तिथे जागा उरत नाही, मग तो नवा मुलूख शोधत निघतो. याच टिपेश्वरचा दुसरा एक वाघ, ज्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी रेडिओ पट्टा बांधला होता, तो २०१९ मध्ये तेराशे किलोमीटरहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता.

वर्तमानपत्रांनी आपल्या पाहुण्याचे कौतुक केले. मात्र येडशी आणि बार्शीच्या शिवारात जनावरे मारली जाऊ लागली, तेव्हा लोक धास्तावले. वाघाला पकडून दुसरीकडे नेण्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला पथके आली, आणि तो त्यांना बरेच दिवस हुलकावणी देत राहिला.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. शेळीगटाच्या कर्जाची प्रकरणे आमच्या टेबलावरून जातात. चार शेळ्यांवर ज्या बाईचा प्रपंच चालतो, तिला वाघ म्हणजे राष्ट्राची संपत्ती, असे सांगून काय उपयोग? ती विचारील, राष्ट्राची संपत्ती राखण्यासाठी माझी शेळी का जावी? पंचनामा होतो, नुकसानभरपाई मिळते, हे खरे. पण पंचनाम्याला माणूस येईपर्यंत थांबायचे, कागद जमवायचे, आणि तोवर हप्त्याची तारीख कोणासाठी थांबत नाही. तिचा प्रश्न जंगलाच्या विरोधातला नाही, हिशेबातला आहे. आणि तो प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही.

मराठवाड्यातल्या भूमिहीन माणसाने पोटासाठी गायरानाची जमीन कसली. दगड वेचले, बांध घातले, पिढ्या घातल्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, आयाबहिणी मुलाबाळांसह तुरुंगात गेल्या, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरील अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय शासनाने घेतला. तरी सातबारा नावावर होण्यासाठी किती चपला झिजल्या, हे ज्याचे त्याला माहीत. अशा माणसाला एक दिवस कोणीतरी येऊन सांगतो की या जमिनीवर झाडे लावायची आहेत, पर्यावरण वाचवायचे आहे, तू ऊठ. मग त्याच्या मनात पर्यावरण या शब्दाविषयी अढी बसली तर दोष कोणाचा? म्हणून "शास्त्रज्ञ जंगल वाचवा म्हणतात" एवढे सांगून माझे व्याख्यान पूर्ण होणार नाही. कोणता शास्त्रज्ञ, कोणाला विचारून, कोणत्या पुराव्यावर म्हणतो, हे पाहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनी या बाबतीत एका मराठी शास्त्रज्ञाचे काम अवश्य अभ्यासावे. ते म्हणजे डॉ. माधव गाडगीळ. १९४२ मध्ये पुण्यात त्यांचा जन्म झाला. थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ हे त्यांचे वडील. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन ते १९७१ मध्ये मायदेशी परतले आणि १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी जंगलांचा अभ्यास केला. त्यांच्या कामातली बांबूची हकिगत मला सर्वांत मोलाची वाटते.

कर्नाटकात दांडेली येथे कागद गिरणी आहे. सरकारने १९५८ मध्ये या गिरणीला जंगलातला बांबू देऊ केला, आणि तो कोणत्या भावाने? टनाला दीड रुपया. त्याच वेळी टोपल्या, सुपे विणून पोट भरणाऱ्या कारागिरांना तोच बांबू बाजारात याच्या कित्येक पट भावाने घ्यावा लागे. आपल्याकडच्या बुरुडांसारखी ही माणसे. बांबू झपाट्याने संपू लागला तेव्हा कारागिरांनी आवाज उठविला. गिरणीवाले म्हणाले, गावकरी बांबू तोडतात, गुरे चारतात, म्हणून तो संपतो. १९७५ मध्ये राज्य सरकारने हा वाद तपासण्याचे काम गाडगीळांकडे सोपविले.

त्यांनी पहिले काम केले ते कोठीतला माल मोजण्याचे. तारण ठेवलेल्या मालाची तपासणी करायला आम्ही गोदामात जातो, तेव्हा नुसते मालाचे रजिस्टर पाहून सही करीत नाही, पोती मोजतो. गाडगीळांनी जंगलात जाऊन बांबूची बेटे मोजली. तेव्हा लक्षात आले की कागदावर बांबूचा जो साठा दाखविला होता, तो प्रत्यक्षापेक्षा कित्येक पटींनी फुगविलेला होता. त्या खोट्या शिल्लकीवर गिरणीला उचल दिली गेली होती.

दुसरी गोष्ट काट्यांची. तिथल्या बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. गिरणीचे मजूर ते साफ करून टाकीत. त्यामुळे तोड सोपी होते आणि बेटही चांगले वाढते, असे त्यांचे म्हणणे. गावकरी सांगत होते, अहो, ते काटे काढू नका. जमिनीतून येणारा कोवळा कोंब त्या काट्यांमुळेच वाचतो, नाहीतर गुरे, माकडे आणि साळिंदर त्याला खाऊन टाकतात. एका बाजूला शिकलेले अधिकारी, दुसऱ्या बाजूला अडाणी समजले जाणारे खेडूत. गाडगीळांनी कोणाचेच म्हणणे तसेच्या तसे स्वीकारले नाही. काही बेटांचे काटे ठेवले, काहींचे काढले, आणि वर्षानुवर्षे कोंब मोजले. निकाल गावकऱ्यांच्या बाजूने लागला. मित्रहो, विज्ञान म्हणतात ते याला. बोलणाऱ्याची पदवी आणि जात न पाहता, त्याचे म्हणणे खरे की खोटे हे तपासून पाहणे.

शास्त्रज्ञांच्या शब्दामुळे जंगल वाचल्याची उदाहरणे आपल्या देशात आहेत. केरळमध्ये सायलेंट व्हॅली नावाचे सदाहरित जंगल आहे. सिंहासारखी शेपटी असलेले दुर्मीळ माकड तिथे राहते. तिथल्या कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज काढण्याची योजना होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस शाळा-कॉलेजातल्या शिक्षकांनी चालविलेल्या केरळ शास्त्र साहित्य परिषदेने या योजनेचा हिशेब मांडला : वीज किती मिळेल, ती दुसरीकडून कशी आणता येईल, आणि जंगल गेले तर काय जाईल. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद त्यात पुढे होते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनीही आपले वजन टाकले. पुढे केंद्राने नेमलेल्या मेनन समितीत गाडगीळ होते. शेवटी योजना रद्द झाली आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. साध्या शिक्षकांनी आकडे गोळा करून सरकारला विचार करायला लावले, ही गोष्ट आपल्या संस्थेतल्या शिक्षक सभासदांनी लक्षात ठेवावी.

पण शास्त्रज्ञाचा शब्दही तपासावा लागतो. राजस्थानात भरतपूरला पाणपक्ष्यांचे जगप्रसिद्ध ठिकाण आहे. म्हशींच्या चराईमुळे पक्ष्यांना त्रास होतो, ती बंद करावी, असा सल्ला सालिम अलींसारख्या थोर माणसाने दिला होता. १९८२ मध्ये चराई एकदम बंद करण्यात आली. आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. त्यानंतर काय आढळले? म्हशी जाताच पाण्यातले गवत इतके माजले की उथळ पाणी झाकून गेले आणि अनेक पक्ष्यांना चारा मिळेना. हा निष्कर्ष काढला तो सालिम अलींनी आयुष्यभर वाढविलेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासाने. आपल्याच गुरूचे मत पुराव्यासमोर खोटे ठरले तर तसे लिहिणे, हा त्या संस्थेचा मोठेपणा. परंतु मेलेली माणसे परत आली नाहीत. आधी म्हशीवाल्यांना विचारले असते तर?

आपल्या शेजारचे उदाहरण नान्नजचे. माळढोक पक्ष्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. नकाशावर रेघ मारली ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरला. त्यात तालुकेच्या तालुके आले, लोकांची शेते आली, गावे आली. जमिनीच्या खरेदी-विक्रीला, बांधकामाला अडचणी येऊ लागल्या. पक्ष्याविषयी ज्याला प्रेम वाटले असते, त्या शेतकऱ्याच्या मनात राग भरला. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरपर्यंत कमी करावे लागले. आणि ज्याच्यासाठी हे सारे केले, तो माळढोक आज तिथे दिसणेही दुर्मीळ झाले आहे. वरून मारलेल्या रेघेने पक्षीही राखला गेला नाही आणि माणूसही.

आता सह्याद्रीकडे वळू. आपण म्हणाल, मराठवाड्याच्या माणसाला सह्याद्रीशी काय करायचे? गोदावरी, भीमा, कृष्णा या नद्या त्या डोंगरात जन्मतात. उजनीचे पाणी, जायकवाडीचे पाणी तिथूनच येते. त्या डोंगराच्या रक्षणासाठी केंद्र सरकारने मार्च २०१० मध्ये गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ गट नेमला. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी अहवाल दिला. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानावा, त्याचे तीन स्तर करावेत, अतिसंवेदनशील भागात नव्या खाणी नकोत, असे त्यात होते. ते सर्वांनी ऐकले आहे. मात्र त्या अहवालात आणखी एक गोष्ट होती, जिच्याविषयी फार कमी बोलले गेले. हे स्तर आम्ही सुचवितो, पण शेवटचा निर्णय ग्रामसभांना विचारून व्हावा, असे गाडगीळांचे म्हणणे होते. सिंधुदुर्गातल्या पंचवीस ग्रामसभांनी आपणहून ठराव करून आमचे गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, अशी मागणी केली होती.

मग या अहवालाचे काय झाले? तो जवळजवळ नऊ महिने दडवून ठेवण्यात आला. केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज केला, प्रकरण माहिती आयोगाकडे आणि तिथून दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेव्हा मे २०१२ मध्ये तो लोकांना वाचायला मिळाला. खातेदाराला त्याचेच पासबुक दाखवायला नकार द्यावा, तसा हा प्रकार. त्यानंतर डॉ. कस्तुरीरंगन यांची दुसरी समिती नेमली गेली. तिने २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के भाग संवेदनशील ठरविला. तेव्हापासून मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. त्याच्या आदल्या दिवशी केरळातल्या वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसे गेली होती.

आपल्या महाराष्ट्रातही ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडी गेली. माळीण आणि इर्शाळवाडी ही आदिवासींची वस्ती होती. प्रत्येक दरडीची कारणे वेगळी असतात, पाऊस किती झाला, उतार कसा होता, हे तज्ज्ञांनी ठरवावे. परंतु डोंगर खचतो तेव्हा त्याच्या पायथ्याशी कोण झोपलेले असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. जंगल राखताना तूट गरिबाच्या नावावर, आणि जंगल गेले तरी तूट गरिबाच्याच नावावर. म्हणून जंगलाकडे पाठ फिरविणे आपल्याला परवडणारे नाही. आपण वहीवर हक्क सांगितला पाहिजे.

हा हक्क मिळतो, याचे उदाहरण गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गोंड आदिवासींचे छोटेसे गाव. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्याला अठराशे हेक्टरांच्या आसपास जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. जो बांबू दांडेलीत टनाला दीड रुपयाने गेला, तसाच बांबू इथे ग्रामसभा स्वतः भाव ठरवून विकू लागली. गाव अभ्यास मंडळे चालवते, निर्णय सर्वसहमतीने घेते.

आपले येरमाळा गडचिरोलीत नाही, हे मला ठाऊक आहे. पण एक वही आपल्यालाही कायद्याने दिली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोकांच्या माहितीवरून लोक जैवविविधता नोंदवही तयार व्हावी, अशी तरतूद आहे. या कल्पनेचा पाठपुरावा गाडगीळ आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासून करीत होते. त्या समितीत महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे सभासद असले पाहिजेत. म्हणजे त्या टेबलावर आपली खुर्ची आहे. ती रिकामी आहे की दुसरेच कोणी बसले आहे, हे पाहायला आपण ग्रामपंचायतीत गेलो आहोत का?

माझी संस्थेला विनंती आहे. आपल्या आणि आसपासच्या ग्रामपंचायतींत जाऊन ही नोंदवही पाहायला मागावी. ती नुसती कपाटात ठेवण्यासाठी कोणी बाहेरून लिहून दिली असेल, तर ती ग्रामसभेत वाचून घ्यावी. नसेल, तर विद्यार्थ्यांनी सुरुवात करावी. पर्यावरणाचा प्रकल्प गाईडमधून उतरविण्याऐवजी आपल्या आजीला विचारा : दुष्काळात कोणता पाला, कोणते कंद खाल्ले? कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकत असे? सरपण कुठून आणले, शेळ्या कुठे चारल्या, कोणता पक्षी आता दिसत नाही? तारीख घाला, ठिकाण लिहा, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहा. बालाघाटातल्या या माळावर ज्यांनी आयुष्यभर मोळ्या वाहिल्या, त्यांना ही माहिती कोणत्याही साहेबापेक्षा जास्त आहे. आजवर ती कोणी विचारली नाही, म्हणून ती कोणत्याच कागदावर नाही. आणि कागदावर नसलेले उद्या कोणी मानणार नाही.

अशी वही आपल्या हाती असेल, तर उद्या येडशीच्या जंगलाविषयी निर्णय घ्यायला शास्त्रज्ञ येतील, अधिकारी येतील, तेव्हा आपण हात जोडून एका कडेला उभे राहणार नाही. जंगलही राहावे आणि त्या चार शेळ्यांच्या मालकिणीची भरपाई हप्त्याच्या तारखेआधी तिच्या खात्यात जमा व्हावी, असे दोन्ही आपण पुराव्यानिशी मागू शकू.

अध्यक्षांनी दिलेला वेळ संपत आला आहे.  पुढच्या ग्रामसभेत नोंदवहीचा विषय मांडण्यासाठी ज्यांना सह्या करायच्या आहेत, त्यांच्यासाठी अर्ज लिहून आणला आहे. बाहेर पडताना दाराजवळच्या टेबलावर तो ठेवलेला असेल. एवढे बोलून मी माझे व्याख्यान संपवितो.

जयभीम.